मदत हवी आहे: न्यू जर्सीचा जुना कॉलर आयडी डबा इथल्या लँडलाइनवर नंबर दाखवत नाही

जुनाट_डबा:
मंडळी, मामा नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत नोकरीला होते. त्यांच्या सामानात तिथला कॉलर आयडीचा डबा सापडला. एका ओळीचा एलसीडी, कोपऱ्यात लाल दिवा, मागे लाइनचं आणि फोनचं सॉकेट. सेल घातले की घड्याळ १/०१ १२:०० दाखवतं आणि तिथून मोजायला लागतं. वेळ लावायचं बटणच नाही! पुण्यात घरच्या तांब्याच्या लाइनवर जोडला. रिंग आली की दिवा लुकलुकतो, नंबर मात्र नाही. त्याच लाइनवर इथला साधा कॉलर आयडीवाला फोन नंबर बरोबर दाखवतो. आणखी एक, रिंगच्या जरा आधी जुन्या घंटीच्या फोनमधून बारीक 'टिंग' येतं. डबा गेलाय का?

डायलटोन:
गेलेला वाटत नाही. ते 'टिंग' म्हणजे एक्स्चेंज तारेची पोलॅरिटी (अधिक-उणे टोकं) उलटवतंय. आपल्याकडच्या बऱ्याच एक्स्चेंजांत त्यानंतर नंबर डीटीएमएफमध्ये येतो, म्हणजे बटणं दाबल्यावर वाजतात तेच सूर, आणि तेही पहिल्या रिंगच्या आधी.

अमेरिकन डबा त्या वेळी झोपलेला असतो. न्यू जर्सीत १९८७ पासून ही सेवा मिळू लागली. तिथे पहिली रिंग डब्याला जागं करते आणि पुढच्या रिंगपर्यंतच्या चारेक सेकंदांच्या शांततेत एफएसके संदेश येतो, म्हणजे दोन सुरांच्या अदलाबदलीतून पाठवलेले १ आणि ०: सेकंदाला १२०० बिट, १ साठी १२०० हर्ट्झ, ० साठी २२०० हर्ट्झ. सुरुवातीच्या साध्या संदेशात महिना, तारीख, तास, मिनिट आणि मग नंबर, एवढंच. नाव नाही, सालही नाही. नंबर मिळाला नाही तर त्याजागी 'ओ', लपवलेला असेल तर 'पी'. डबा त्यावरून 'आउट ऑफ एरिया' किंवा 'प्रायव्हेट' दाखवतो. वेळ फोनसोबतच येते, मग बटण कशाला देतील? तुमचं घड्याळ १/०१ वरून सुरू होतं आणि कॉल आला तरी खऱ्या वेळेवर येत नाही, याचा अर्थ त्याला संदेश मिळालेलाच नाही.

जुनाट_डबा:
अच्छा! मग मधे काही सर्किट बसवून जमेल?

सोल्डरवाली:
एमटी८८७० चिप डीटीएमएफ सहज वाचते, पण तेच पुन्हा एफएसकेमध्ये घालून योग्य क्षणी पाठवायचं म्हणजे डोक्याला ताप. हौस असेल तर करा. मी असते तर एफएक्सओ (बाहेरची लाइन जोडायचं) आणि एफएक्सएस (फोन जोडायचं) असे दोन्ही पोर्ट असलेला एटीए, म्हणजे साधा फोन इंटरनेट कॉलिंगला जोडणारं यंत्र, घेतला असता. घेण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा, लाइनच्या बाजूला डीटीएमएफ कॉलर आयडी वाचता यायला हवा. फोनच्या बाजूला कॉलर आयडी स्कीम 'बेलकोर' (अमेरिकन पद्धत) ठेवा आणि टाइमझोन भारताचा लावा, कारण डबा एटीएचीच वेळ उचलेल.

आणि हो, सोबत मामांचा अ‍ॅडॉप्टर असेल तर तो १२० व्होल्टचा. आपल्या सॉकेटात घालू नका, सेलवरच चालवा.