शब्दचर्चा : ‘वाळीत टाकणे’ आणि कॅथलिक बहिष्कार

प्रश्न :
ऑस्ट्रेलियातील कॅथलिक चर्चच्या इतिहासावरील एका लेखाचा अनुवाद मी करत आहे. २२ सप्टेंबर १८७१ रोजी अ‍ॅडलेड येथे बिशप शील यांनी मेरी मॅकिलप यांना ‘एक्सकम्युनिकेट’ केले, हा त्या लेखातील मध्यवर्ती प्रसंग आहे. मॅकिलप यांचे वय तेव्हा २९ वर्षांचे होते. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये पेनोला येथे त्यांनी उभा केलेला सेंट जोसेफ भगिनींचा संघ पाच वर्षांत शंभराहून अधिक भगिनींचा झाला होता. संघाचा कारभार त्याच्या स्वतःच्या प्रमुख भगिनीकडे असावा की स्थानिक धर्मगुरूंकडे, हा वादाचा एक मोठा मुद्दा होता. मी प्रथम ‘धर्मातून काढून टाकले’ असे लिहिले. संपादकांनी ते खोडून ‘वाळीत टाकले’ असे केले. मला दोन्ही खटकतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर :
आपले पहिले भाषांतर सरळ चुकीचे आहे. कॅथलिक मतानुसार एकदा झालेला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) पुसता येत नाही, त्यामुळे या शिक्षेने माणूस ख्रिस्ती राहत नाही असे होत नाही. ‘धर्मभ्रष्ट’ व ‘धर्मच्युत’ हे शब्दही त्याच कारणाने बाद होतात, शिवाय ते दोष शिक्षा झालेल्याच्या माथी मारतात.

संपादकांच्या शब्दाचा विचार मात्र थोडा थांबून करायला हवा. ‘वाळी’ म्हणजे जातीतून वगळणे. तिथे शिक्षा देणारी जात असते, आणि जे बंद होते ते रोटीबेटीचे, पाणवठ्याचे, मयताला खांदा देण्याचे व्यवहार असतात. कॅथलिक शिक्षेत अधिकार बिशपांचा असतो आणि बंद होतात ते संस्कार : मिस्सेतील, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीतील, कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) आणि कुमसार (धर्मगुरूपुढे पापांची कबुली). शेजारी बोलतात की नाही, हा त्या शिक्षेचा गाभा नव्हे. अ‍ॅडलेडमध्ये उलटेच घडले. निराश्रित झालेल्या भगिनींना इमॅन्युएल सॉलोमन या ज्यू व्यापाऱ्याने राहण्यासाठी बिनभाड्याचे घर दिले. वाळीत टाकलेल्याला आसरा देणाऱ्यावरही आपल्याकडे वाळीची पाळी येत असे. सॉलोमन यांच्यावर बिशपांचा अंमल चालतच नव्हता.

संस्कार बंद होणे ही या समाजाला किती जिव्हारी लागणारी गोष्ट होती, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १७८८ साली पहिले कैदी सिडनीला उतरले तेव्हा त्यांच्यात कॅथलिक होते, पण त्यांच्यासाठी धर्मगुरू नव्हता. उलट त्यांना अँग्लिकन उपासनेस हजर राहण्याची सक्ती होती. १७९८ च्या आयरिश उठावानंतर शिक्षा होऊन आलेल्या फादर डिक्सन यांना गव्हर्नर किंग यांनी १८०३ मध्ये जाहीर मिस्सा करण्याची परवानगी दिली, आणि पुढच्याच वर्षी कॅसल हिल येथे आयरिश कैद्यांनी बंड करताच ती काढून घेतली. १८१७ मध्ये परवान्याविना आलेल्या फादर ओफ्लिन यांना सरकारने परत पाठवले; त्यांनी जाताना मागे ठेवलेल्या पवित्र भाकरीपुढे लोक एका घरात प्रार्थनेसाठी जमत, ही कथा सिडनीचे कॅथलिक अजून सांगतात. सरकारमान्य धर्मगुरू आले ते १८२० मध्ये. म्हणजे बत्तीस वर्षांपैकी बहुतेक काळ सरकारने साऱ्या समाजाला ज्यापासून दूर ठेवले होते, त्यालाच १८७१ मध्ये त्याच समाजाची एक जोगीण स्वतःच्या बिशपांच्या हुकमाने मुकली. ‘वाळीत टाकले’ म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे बंद झालेला पाणवठा येतो. यायला हवी ती वेदीपुढची बंद झालेली वाट.

दुसरे उत्तर :
एक दुरुस्ती सुचवतो. ‘जोगीण’ हा शब्द इथे टाळावा, त्याला मराठीत वेगळा वास आहे. ‘सिस्टर’ किंवा ‘व्रतस्थ भगिनी’ लिहावे. वसईकडच्या कॅथलिक घरांत ‘सिस्टर’ हाच शब्द रुळलेला आहे. दुसरे असे की बहिष्कार उठण्याचा प्रसंगही अनुवादात जपून हाताळावा. मृत्युशय्येवरील बिशपांच्या सांगण्यावरून फेब्रुवारी १८७२ मध्ये मॉर्फेट व्हेल येथे एका धर्मगुरूने मॅकिलप यांना मोकळे केले. त्यासाठी ‘पंक्तिपावन करून घेतले’ असा मोह होईल, पण त्यात दंड व जातभोजन गृहीत असते. पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, झाले तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. इथे माघार शिक्षा देणाऱ्याने घेतली होती. ‘बहिष्कार उठवला’ हे साधे आणि नेमके आहे.

प्रश्नकर्तीकडून :
दोघांचेही आभार. ‘बहिष्कृत’ शब्द ठेवून त्याला संस्कारांची जोड देते, म्हणजे वाचकाचा जातपंचायतीशी घोटाळा होणार नाही. संपादकांना पाठवलेले वाक्य असे आहे : “बिशप शील यांनी मेरी मॅकिलप यांना बहिष्कृत करून चर्चचे संस्कार त्यांच्यासाठी बंद केले, पाच महिन्यांनी तो बहिष्कार त्यांनीच उठवला, आणि २०१० मध्ये रोमने मॅकिलप यांना संतपद दिले.” संपादकांचे उत्तर आले आहे. ‘बहिष्कृत’ त्यांना मान्य आहे, ‘संतपद दिले’ याऐवजी मात्र त्यांना ‘संत म्हणून घोषित केले’ असे हवे आहे. मला वाटते, त्यांचे बरोबर आहे.