‘दॅट्स द वे’ या गाण्यातला एकांत नेमका कुठे आहे?

माळरान:
लेड झेपलिन या इंग्लिश रॉक संघाच्या तिसऱ्या तबकडीतले ‘दॅट्स द वे’ मी अनेक वर्षे रानातल्या एकांताचे गाणे म्हणूनच ऐकत आलो आहे. १९७० साली अमेरिकेच्या दौऱ्यांनी थकलेले संघाचे गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट वेल्सच्या डोंगराळ भागातल्या ब्रॉन-इर-आउर या जुन्या घरात जाऊन राहिले आणि तिथे हे गाणे जमले, हे मला ठाऊक आहे. परंतु शब्द नीट ऐकले, तर त्यांत ते घरही नाही आणि तो डोंगरही नाही. मग हा एकांत मला ऐकू येतो तरी कुठून?

सहावी तार:
माझ्या मते तो वाद्यांमधून येतो. त्या घरात वीज नव्हती, नळही नव्हता, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरचा प्रश्नच मिटला आणि विजेविना वाजणारी अकूस्टिक गिटारच हाताशी राहिली. फिरायला गेलेले दोघे वाटेत विसावले असताना पेजने धून छेडली, प्लांटने ओळी गुणगुणल्या आणि जवळच्या टेपरेकॉर्डरवर ते टिपले गेले. पुढे पेजने त्यात पेडल स्टील गिटार वाजवली; अमेरिकी कंट्री संगीतातल्या या वाद्याचा स्वर मींडेसारखा घसरत जातो आणि गाण्याला लांबवरच्या मोकळ्या जागेचा भास देतो. ड्रम तर नाहीतच, आणि बॉनहॅमसारखा ड्रमवादक संघात असताना ही शांतता अधिकच जाणवते.

जुनी तबकडी:
वाद्यांविषयीचे म्हणणे मला पटते, पण शब्दांना दुय्यम ठरवू नये. शेजारच्या मुलाशी खेळायला घरून मनाई झालेल्या मुलाची ही व्यथा आहे. गाण्याचे आधीचे नावही ‘द बॉय नेक्स्ट डोअर’ असे होते. माणसांपासून दूर गेल्यावरच दुरावलेला माणूस इतका स्पष्ट आठवत असावा, असे मला वाटते. घराचा थेट उल्लेख हवा असेल, तर त्याच तबकडीतले, प्लांटच्या कुत्र्यावरचे ‘ब्रॉन-य-आउर स्टॉम्प’ ऐकावे. वेष्टनावर घराचे ऋण मानले आहे, पण नावाचे स्पेलिंग मात्र चुकले आहे. मुंबईकरांसाठी आणखी एक गोष्ट : याच तबकडीतले ‘फ्रेंड्स’ हे गाणे पेज आणि प्लांट यांनी १९७२ साली मुंबईत इथल्या वादकांसोबत पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि ते २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आले.

माळरान:
दोघांचेही मनापासून आभार. आज रात्री ड्रमच्या त्या अभावाकडे लक्ष देऊन ऐकेन, आणि त्यानंतर १९७५ च्या ‘फिजिकल ग्राफिटी’मधला, त्या घराचेच नाव असलेला, दोन मिनिटांचा केवळ गिटारचा तुकडा लावेन.