तुन्हं, मन्हं, आमचं : शेवटचं टिंब ठेवायचं की काढायचं?

पांझराकाठ, धुळे
आमच्या अहिराणी लेखनगटात सूचना आलीय की 'तुन्हं नाव काय शे' मधलं 'न्हं'वरचं टिंब काढून टाका, कारण ते नाकातून कोणीच बोलत नाही. माझा ठाम विरोध आहे. प्रमाण मराठीतलं 'केलं' बघा. जुनं रूप 'केलें', शेवटचा ए नाकातून निघायचा. पुढे बोलण्यात नाक गेलं, ए चा अ झाला, टिंब तेवढं राहिलं. आज ते सांगतं की शेवटचा अ गिळू नका, लांबवा. टिंब काढलं की 'तुन्ह' वाचणारा 'तुन्ह्' म्हणणार.

तापीकाठ, शिरपूर
उच्चार नाही तर चिन्ह कशाला? 1962 च्या लेखननियमांनी नांव, पांच, दांत यांवरची टिंबं काढलीच ना? मी वर्गात 'अं' अंगठ्याचा शिकवतो, आणि तेच टिंब 'तुन्हं'मध्ये नाकाशिवाय वाचायला सांगतो. पोरं गोंधळतात.

जुना मास्तर, चोपडा
ती टिंबं काढली हेच चुकलं. पांच आला पञ्च वरून, दांत दन्त वरून. गळालेल्या ञ-न ची खूण होती ती. नांव (नाम) आणि नाव (होडी) लिहितानाच वेगळे दिसायचे.

तापीकाठ, शिरपूर
मास्तर, व्युत्पत्ती कोशात राहू द्या. 'नाव बुडाली' वाचून कोणाचा घोटाळा होत नाही.

फलकवाला, जळगाव
माझं छपाईचं दुकान आहे. 'आमच प्रेम', 'तुझ यश' असा मजकूर रोज येतो. लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, हे मला फार लागतं. आणि 'आप्पाना श्रद्धांजली'! अहो, 'आप्पांना' मधलं टिंब आदराचं बहुवचन दाखवतं. ते गाळलं तर गेलेल्या माणसाला अरेतुरे होतं. मी न विचारता टाकतो.

तापीकाठ, शिरपूर
'आप्पांना' मान्य, तिथे उच्चारात अनुस्वार आहे. वाद शेवटच्या टिंबाचा आहे. लांब अ दाखवायचा तर अवग्रह लिहा: तुन्हऽ, मन्हऽ.

पांझराकाठ, धुळे
एका चिन्हाला दोन कामं, हा तुमचा मुद्दा खरा आहे. गरज पडली तेव्हा ॲ आणि ऑ साठी डोक्यावर चंद्र आलाच, 2009 च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेतही बसले. पण 'केलं' वाचत वाढलेल्या पोराला 'तुन्हं' आपोआप वाचता येतं. त्याला अहिराणीपुरती वेगळी खूण शिकायला लावली, तर तो अहिराणी लिहिणंच सोडेल. मला भीती त्याची आहे.