मृणालच्या दिरांचं ऑपरेशन आणि फ्लुओरेसन्स इमेजिंग (सोसायटी ग्रुप)

मृणाल: कोणाला माहितीये का, आमच्या मोठ्या दिरांचं जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन आहे पुढच्या आठवड्यात, सर्जन म्हणाले फ्लुओरेसन्स इमेजिंग वापरणार, घरात सगळे घाबरलेत, कोणी म्हणतंय रेडिएशन असतं. वैशालीताई तुम्ही पॅथॉलॉजीत आहात, सांगाल का प्लीज

डॉ. वैशाली: रेडिएशन अजिबात नाही गं, नुसता प्रकाश. पण दोन प्रकार आहेत, त्यातला कुठला ते विचारून घे. एकात काही टोचत नाहीत, तोंडात निळा प्रकाश टाकतात, निरोगी भाग हिरवट दिसतो आणि कॅन्सरचा काळपट, कारण तिथलं कोलॅजन (पेशींना धरून ठेवणारे प्रोटीनचे धागे) मोडलेलं असतं. दुसऱ्यात डाय (चमकणारा रंग) देतात आणि इन्फ्रारेड कॅमेरा लावतात, डोळ्याला काही दिसत नाही, स्क्रीनवर उजळतं

अनिलकाका: मग सगळा कॅन्सर दिसणार, मागे राहायचा प्रश्नच नाही

डॉ. वैशाली: तसं नाही हो काका. निळ्या प्रकाशात फक्त वरचा थर कळतो, जिभेची गाठ आत स्नायूत शिरते आणि खरी गडबड तिथे खालीच होते. साधी सूज असली तरी काळंच दिसतं. कॅनडात मोठी ट्रायल झाली, 2020 ला छापून आली, निळ्या प्रकाशाने कडा ठरवून कापलं काय नि नेहमीच्या पद्धतीने कापलं काय, त्याच जागी कॅन्सर परत येण्यात फरक निघाला नाही. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा

रोहन: ताई मग डायवालं?

डॉ. वैशाली: त्यातून मला जास्त आशा आहे. आयसीजी नावाची डाय जुनी आहे, 1959 पासून वापरात, पण ती कॅन्सर ओळखत नाही, गाठीभोवती टोचली की लिम्फमधून (शरीरातल्या पाण्यासारख्या द्रवातून) वाहत मानेतल्या पहिल्या लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे लसिका ग्रंथीपर्यंत, जाते, तो शोधायला उपयोग. नवीन प्रकारात कॅन्सरच्या पेशींवरच्या ईजीएफआर नावाच्या प्रोटीनला चिकटणाऱ्या अँटीबॉडीला (नेमकं लक्ष्य ओळखून चिकटणाऱ्या प्रोटीनला) डाय जोडतात आणि ऑपरेशनच्या आधीच सलाईनमधून देतात, ते अजून ट्रायलमध्ये आहे. त्यात कापलेला तुकडा लगेच बाजूच्या टेबलवर कॅमेऱ्याखाली सगळ्या बाजूंनी बघतात, कडेवर जिथे सगळ्यात जास्त उजळ तिथे कॅन्सर कडेच्या जवळ असायची शक्यता जास्त, मग नेमका तिथला भाग फ्रोझन सेक्शनला पाठवतात, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच गोठवून मायक्रोस्कोपखाली तपासतात. एरवी एवढ्या मोठ्या तुकड्यातून कुठली कापं घ्यायची हे अंदाजानेच असतं

डॉ. वैशाली: आणि मृणाल, कॅमेरा असो नसो, फ्रोझन करणार का हे विचारच. शेवटच्या रिपोर्टमध्ये चारी बाजूंनी आणि खालून 5 मिमी निरोगी भाग मिळाला तर मार्जिन (कापलेली कड) क्लिअर धरतात. तुकडा कापल्यावर आकसतो, म्हणून सर्जन साधारण 1 सेमी सोडून कापतात, एवढं कशाला कापलं म्हणून घरच्यांनी घाबरू नये

मृणाल: ताई, सीटी स्कॅनच्या इंजेक्शनने दादांच्या अंगावर पुरळ उठलं होतं, आयोडीनची ॲलर्जी म्हणाले होते, त्याचं काही?

डॉ. वैशाली: अगं हे आत्ताच सांग सर्जनना!! आयसीजीत आयोडीन असतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांग आणि फाईलवर लिहून घे

मृणाल: लगेच फोन लावते