एकही अवयव माहीत नसताना संख्या संयुक्त असल्याचे कसे सिद्ध होते?

प्रश्न (गणिताची शिक्षिका, कोथरूड):
मी येथील एका शाळेत नववीला गणित शिकवते. २ च्या १०,४८,५७६ व्या घातात १ मिळवला की जी ३,१५,६५३ अंकी संख्या येते, ती विसावी फर्मा संख्या संयुक्त असल्याची सिद्धता १९८८ साली प्रसिद्ध झाली, पण तिचा एकही मूळ अवयव अद्याप सापडलेला नाही, असे मी वर्गात सांगितले. त्यावर एका मुलीने विचारले, "बाई, कशानेच भाग गेलेला नाही, तर ती मूळ नाही हे कशावरून?" आम्ही फळ्यावर लिहितो ती व्याख्या भाजकांवरच उभी असल्याने मला तिची शंका रास्त वाटली. मुलांना स्वतः करून पाहता येईल असे उत्तर कोणी सुचवाल का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, डेक्कन):
बाई, मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. भाजक सापडणे हा संयुक्तपणाचा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे. मूळ संख्यांना काही नियम पाळावेच लागतात, आणि त्यांतला एक जरी मोडला तरी संख्या मूळ नाही हे ठरते, मग भाजक हाती असोत वा नसोत. फर्माच्या छोट्या सिद्धांतानुसार, म ही २ हून मोठी मूळ संख्या असेल, तर २ च्या (म – १) व्या घाताला म ने भागल्यावर बाकी १ च उरते.

तेराचा पाढा कच्चा असलेली मुले ९१ ला हमखास मूळ समजतात, म्हणून तीच घ्या. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६. त्यातून ९१ दोनदा वजा केले की ७४ उरतात. ७४ चा वर्ग ५४७६, आणि त्याला ९१ ने भागले की बाकी पुन्हा १६. येथून पुढे ७४ आणि १६ आळीपाळीने येत राहतात, त्यामुळे २ च्या ६४ व्या घातापर्यंत पोहोचायला काहीच वेळ लागत नाही. ९० म्हणजे ६४, १६, ८ आणि २ यांची बेरीज. तेव्हा १६, १६, ७४ आणि ४ यांचा गुणाकार करून ९१ ने भागा. बाकी ६४ येते, १ नव्हे. ७ किंवा १३ चे नावही न घेता ९१ संयुक्त ठरली.

उत्तर (संगणकशास्त्राचा विद्यार्थी, औंध):
सरांच्या उत्तराला एक महत्त्वाची पुरवणी जोडतो. बाकी १ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. ३४१ साठी २ घेऊन हेच केले तर १ उरतो, तरीही ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१; २ ऐवजी ३ घेतले की मात्र बाकी ५६ येते आणि तिचे संयुक्तपण उघड होते. फर्मा संख्यांसाठी १८७७ सालची पेपँची कसोटी आहे आणि ती दोन्ही बाजूंनी निर्णय देते. विसाव्या संख्येसाठी ३ पासून सुरुवात करून १०,४८,५७५ वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी केवळ बाकी पुढे न्यायची. शेवटची बाकी त्या संख्येपेक्षा बरोबर १ ने कमी आली, तरच संख्या मूळ. ती तशी आली नाही.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आज ९१ चे उदाहरण फळ्यावर केले. ६४ उरल्यावर तीच मुलगी म्हणाली, "मग या बाकीवरून ७ आणि १३ का मिळत नाहीत?"

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, डेक्कन):
नियम मोडला एवढेच ती बाकी सांगते. कोणत्या अवयवांमुळे मोडला, ते सांगत नाही. २ चा ६७ वा घात उणे १ ही २१ अंकी संख्या संयुक्त असल्याचे ल्युकाने १८७६ साली दाखवले, पण तिचे अवयव कोलने १९०३ मध्ये मांडले, म्हणजे मध्ये २७ वर्षे गेली. ते अवयव १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. हा गुणाकार मुलांना वहीत जरूर करू द्या. उत्तर १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ आले पाहिजे.