बाळाच्या कानाची वरची कड दुमडलेली आहे, ऑपरेशनशिवाय नीट होते का?

साखळीची_सून:
नमस्कार सगळ्यांना. मला मुलगी झालीय, बारसं येत्या रविवारी आहे. दूध नीट पिते, वजन ठीक, कावीळ पण उतरली, फक्त उजव्या कानाचा वरचा भाग पुढे दुमडून खाली आलाय. बोटाने उचलला की सरळ होतो, सोडला की परत खाली. डिस्चार्जच्या वेळी विचारलं तर सांगितलं की होईल आपोआप, नाही झाला तर मोठी झाल्यावर सर्जरी करता येते. सासूबाई म्हणतात न्हाण घालायला येणारी बाई तेल लावून चोळतेय त्याने बसेल. आणि आजेसासूबाईंनी तर सरळ ठरवूनच टाकलंय की मी ग्रहणात विळी धरली असणार 🙄 नेटवर ईअर मोल्डिंग, म्हणजे साचा लावून कान आकारात आणणं, असं काहीतरी वाचलं. गोव्यात कोणी केलंय का? आणि खरंच गरज असते का?

मडगावकर८८:
आमच्या झिलाचा पण दुमडलेला होता, काय केलं नाही, महिन्याभरात सरळ. टेन्शन घेऊ नको.

वॉर्डातली_ताई:
@मडगावकर८८ तुमच्याकडे झाला ते चांगलंच, पण सगळ्यांचा होत नाही हो. साधारण ३० टक्के कान आपोआप सुधारतात आणि तेही बहुतेक पहिल्या आठवड्यातच. म्हणून "बघू महिनाभर" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. मी नवजात बाळांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली, डॉक्टर नाही, पण एवढं सांगते की महिनाभर वाट बघण्यातच खरी वेळ निघून जाते.

कारण असं की आईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात भरपूर असतं, त्याने कानाची कूर्चा एकदम मऊ राहते, वळवाल तशी वळते. जन्मानंतर ते इस्ट्रोजेन भराभर उतरतं आणि सहा आठवड्यांपर्यंत नेहमीच्या पातळीला येतं, तशी कूर्चा पण कडक होत जाते. त्यामुळे मोल्डिंग पहिल्या दोनतीन आठवड्यांत सुरू केलेलं उत्तम. नंतरही करतात काही जण, पण जास्त आठवडे लावून ठेवावं लागतं आणि रिझल्ट कमी.

ही काही कालची फॅशन नाही, जपानमध्ये मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच यावर पेपर लिहिला होता. नंतर अमेरिकेत डॅलसच्या स्टीव्ह बर्ड या प्लास्टिक सर्जनने इअरवेल नावाचा तयार साचा आणला. पण तोच पाहिजे असं नाही, बारीक सिलिकॉनच्या नळीत मऊ तार घालून ती कडेच्या खोबणीत बसवून वरून सर्जिकल टेप लावूनही डॉक्टर करतात. मुद्दा एकच, कान योग्य आकारात रात्रंदिवस धरून ठेवायचा. बाई दहा मिनिटं चोळते त्याने काही होत नाही, हात सुटला की कान परत आपल्या जागी.

आणि ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. पोटात बाळाचा कान कुठेतरी दाबला जातो, कधी कानाचे बारीक स्नायू नीट बसलेले नसतात. तू काही केलेलं नाहीस.

एक मात्र आधी तपासून घे. कानाचे सगळे भाग आहेत आणि फक्त वळलेत, की काही भाग मुळात बनलाच नाही? मायक्रोशिया असेल, म्हणजे कान अगदी लहान, अर्धवट, कधी भोकच बंद, तर मोल्डिंगने होत नाही, तिथे श्रवण चाचणी ताबडतोब लागते. तुझ्या वर्णनावरून दुमडलेलाच वाटतोय, तरी ओएई (नवजात बाळाची श्रवण चाचणी) झाली का ते डिस्चार्ज पेपरवर बघ.

फोंड्याचा_बाबा:
आम्ही केलंय, प्रायव्हेटमध्ये. मुलाच्या कानाला वर टोक आलेलं, डॉक्टर त्याला स्टाल्स इअर म्हणाले, बायको एलियन म्हणायची. लावताना बाळ रडेल असं वाटलेलं, तो झोपला होता 😀 सर्जरी नाही, भूल नाही, कानामागचे थोडे केस काढतात तेवढंच.

खरी कटकट नंतर. गोव्याचा पावसाळा, घाम, टेप सुटतो म्हणजे सुटतोच. त्यात आमच्या आईला बाळाच्या टाळूला खोबरेल घातल्याशिवाय चैन पडत नाही आणि तेल लागलं की टेप गेलाच समजा. शेवटी तह झाला की अंगाला पाहिजे तेवढं तेल, मानेच्या वर हात लावायचा नाही. डोकं ओल्या कपड्याने पुसायचो. सुटला तर स्वतः चिकटवू नका, आणि फेविक्विकचा विचार तर मनातही आणू नका (आमच्या शेजाऱ्याने सुचवलेलं, खरंच). दर आठवड्याला दाखवायला न्यायचो, कातडी लाल झाली, वास आला, फोड दिसला की लगेच काढून दाखवायचं, कारण आतून दाबून जखम होऊ शकते. आमच्या मुलाला टेपची थोडी पुरळ आली होती, बसली. कान आता दुसऱ्यासारखाच आहे, अगदी तंतोतंत नाही, पण टोक गेलं.

पेडणें_एक्सप्रेस:
माझा स्वतःचा डावा कान असाच आहे, कोणी काय केलं नाही. ऐकू व्यवस्थित येतं, लग्नही झालं 😄 शाळेत चिडवायचे, चष्मा लागला तेव्हा काडी नीट बसेना, बास. त्यामुळे नाही जमलं तर रडत बसू नका. पण बिनऑपरेशनचं, बिनदुखण्याचं होत असेल तर मी तरी माझ्या पोरीला केलं असतं, कारण सर्जरी म्हटलं की पाचसहा वर्षांची होईपर्यंत थांबा, मग भूल, पट्ट्या, ते सगळं आलं.

साखळीची_सून:
खूप खूप थँक्यू सगळ्यांना 🙏 ओएई पास लिहिलंय. दोन प्रश्न. डायरेक्ट प्लास्टिक सर्जनकडे जायचं की आधी ईएनटी? आणि बारशाला शेटाला (सोनाराला) कान टोचायला बोलावलंय, ते चालेल का?

वॉर्डातली_ताई:
टोचणं पुढे ढकल ग, दोन्ही कानांचं. पाळीला तार आणि वर मोल्डिंगचा साचा, त्यात इन्फेक्शन झालं तर सगळंच काढावं लागेल. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, ओपीडीचे वार फोनवर विचार आणि "नवजात बाळ आहे, कानाचं मोल्डिंग करता का" असं स्पष्ट विचार, नुसतं "कान दाखवायचाय" म्हटलंस तर पुढची तारीख देतील. ते नसतील करत तर कोण करतं ते तिथेच कळेल. ईएनटीही काही जण करतात. कोणाकडेही जा पण बारसं होऊदे मग बघू असं करू नको, रविवारच्या आधीच जा.

साखळीची_सून:
उद्या सकाळी निघतोय, नवऱ्याने सुट्टी टाकली. शेटाला चवथीनंतर या म्हणून सांगितलं. बाईला डोक्याला तेल नको सांगितलं तर ती फुगलीय, आता तिला कोण समजावणार.

फोंड्याचा_बाबा:
पायाला डबल तेल लावू द्या तिला. आणि निघताना कानाचा एक फोटो काढून ठेवा, समोरून आणि बाजूने, नंतर फरक पडला की नाही यावरून घरात वाद होतात.