‘पाच स्वातंत्र्ये’, ‘पाच मुक्तता’ की ‘पाच मोकळिका’?

माळरान : दूध उत्पादकांसाठी असलेली पशुकल्याणावरची एक प्रशिक्षण पुस्तिका मी सध्या मराठीत आणत आहे. ब्रिटनमध्ये तयार होऊन जगभर गेलेली ‘फाइव्ह फ्रीडम्स’ ही चौकट तिच्या केंद्रस्थानी आहे. भूक-तहान, गैरसोय, वेदना-इजा-आजार आणि भीती-क्लेश या चार गोष्टींपासून ‘फ्रीडम’, आणि आपल्या जातीला साजेसे वागण्याचे ‘फ्रीडम’. मी पाचही ठिकाणी ‘स्वातंत्र्य’ लिहिले होते. पुस्तिका तपासणाऱ्या पशुवैद्यांनी चार ठिकाणी ते खोडून ‘मुक्तता’ केले आणि उरलेल्या ठिकाणी ‘मुभा’ लिहिले. ‘भुकेपासून स्वातंत्र्य’ ही मराठी रचनाच नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मला पटते, परंतु मग पाचांना मिळून एक नाव कोणते द्यावे?

शब्दवेध : पशुवैद्यांचा कान बरोबर आहे. मराठीत स्वातंत्र्य ‘करण्याचे’ असते, म्हणजे बोलण्याचे, लिहिण्याचे, संचाराचे. नकोशा गोष्टीतून मात्र आपण मुक्त होतो. कर्जमुक्ती, व्यसनमुक्ती, तंटामुक्त गाव हे शब्द खेड्यापाड्यांत रुळलेले आहेत, तेव्हा ‘भूकमुक्त, भयमुक्त गोठा’ हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. ‘मुभा’ला मात्र माझा विरोध आहे. हा शब्द अरबी ‘मुबाह’वरून आला आहे, आणि तो परका आहे यापेक्षा त्यातला अर्थ मला अधिक खटकतो. मुभा कोणीतरी वरचा देतो आणि हवी तेव्हा काढून घेतो. गायीने अंग चाटावे यासाठी तिला कोणाची परवानगी लागू नये.

न्यायपत्र : ‘स्वातंत्र्य’ इतक्या सहज सोडू नये, कारण त्या शब्दामागे कायद्याचे वजन आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर निकाल देताना याच पाच तत्त्वांचा आधार घेतला होता, आणि नागरिकांना राज्यघटनेच्या तिसऱ्या भागाने जसे हक्क दिले आहेत तशीच ही तत्त्वे प्राण्यांसाठी आहेत, असे म्हटले होते. पुढे २०२३ मध्ये घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या, या खेळांना परवानगी देणाऱ्या कायदादुरुस्त्या ग्राह्य धरल्या आणि प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत ही भूमिका स्वीकारली नाही, हेही नोंदवले पाहिजे. तरीसुद्धा ‘मुक्तता’ म्हटले की आरोपीच्या सुटकेची आठवण होते, ‘स्वातंत्र्य’ म्हटले की हक्काची.

दावण : मी गायी-म्हशी पाळतो, त्यामुळे गोठ्यातले सांगतो. आमच्याकडे ‘मुक्त संचार गोठा’ हा शब्द प्रशिक्षणातून आला आणि आता सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. जनावर दाव्याला बांधायचे नाही, कुंपणाच्या आत मोकळे सोडायचे. ते हवे तेव्हा पाणी पिते, हवे तेव्हा गव्हाणीवर येते, हवे तिथे बसून रवंथ करते. या सगळ्याला आम्ही ‘मोकळीक’ म्हणतो. ‘मोकाट’ आणि ‘मोकळे’ यांतला फरक शेतकऱ्याला नेमका कळतो. माझ्या मते ‘पाच मोकळिका’ म्हणावे.

शब्दवेध : ‘मोकळीक’ सुंदर शब्द आहे, पण ‘आजारापासून मोकळीक’ कसे म्हणणार?

माळरान : तरी ‘मोकळीक’ला इतिहासाचा आधार आहे. १९६५ साली ब्रिटनच्या ब्रँबेल समितीने बंदिस्त पशुपालनावर अहवाल दिला. त्यातली मूळ यादी उभे राहणे, आडवे होणे, वळणे, स्वतःचे अंग स्वच्छ करणे आणि हातपाय ताणणे एवढीच होती. या पाचही गोष्टी शरीराच्या हालचालीच्या असल्यामुळे तिथे ‘मोकळीक’ चपखल बसते. १९७९ मध्ये शेतपशुकल्याण परिषद आली, तिने यादीचा विस्तार केला आणि भूक, भय, आजार हे सगळे त्याच एका शब्दाखाली आले. म्हणजे इंग्रजीतही हा शब्द ताणलेलाच आहे, आणि तो ताण आपण मराठीत जसाच्या तसा का आणावा, हा माझा प्रश्न आहे.

निरुक्तप्रेमी : ‘पशुकल्याण’ हा शब्दच आधी तपासावा. ‘पशू’ हा ‘पाश’शी जोडून ‘बांधलेला तो पशू’ अशी व्युत्पत्ती अनेकजण सांगतात, पण प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने निरुक्त या ग्रंथात तो ‘पाहणे’ या क्रियेशी जोडला आहे. मला ही दुसरी व्युत्पत्ती प्रिय आहे, कारण तिच्यात पशू हा पाहणारा, जाणणारा जीव ठरतो. ‘जनावर’ फारसी म्हणून टाळण्याचेही कारण नाही. ‘जान असलेला तो जानवर’ आणि ‘प्राण असलेला तो प्राणी’ हे दोन भाषांनी स्वतंत्रपणे केलेले एकच निरीक्षण आहे. आता ‘कल्याण’. अमरकोशात ‘कल्य’ म्हणजे निरोगी. समाजकल्याण, बालकल्याण अशा खात्यांमुळे आज हा शब्द कोणीतरी कोणासाठी केलेल्या उपकाराचा झाला आहे, पण त्याच्या मुळाशी ज्याचे त्याचे धडधाकट असणेच आहे. पशुकल्याणाचे अभ्यासक डोनाल्ड ब्रूम यांनी १९८६ मध्ये केलेली व्याख्याही हेच सांगते, की परिस्थितीशी जुळवून घेण्याच्या धडपडीत त्या प्राण्याची जी स्थिती असते ती ‘वेल्फेअर’. ती बरी असेल किंवा वाईट, पण असते प्राण्याचीच.

दावण : मग ती स्थिती ओळखायला आमच्याकडे शब्द आहेत, ते पुस्तिकेत यावेत. ‘मलूल झाली’, ‘कान पाडले’, ‘वैरण सोडली’, ‘रवंथ बंद केला’. म्हशीचा ‘मुका माज’ हा शब्द घ्या. ती हंबरत नाही, अस्वस्थ दिसत नाही, तरी माजावर, म्हणजे गर्भधारणेच्या तयारीत, असते, आणि पहाटे-संध्याकाळी बारकाईने पाहणाऱ्यालाच ते कळते. पुस्तिकेत याऐवजी ‘वर्तनातील बदलांचे निरीक्षण’ असे छापून येणार असेल, तर ती कोणी वाचणार नाही.

माळरान : याचे महत्त्व मला वेगळ्या कारणाने वाटते. रवंथ मंदावला, गाय नेहमीसारखी बसेना, दूध काढताना लाथ मारू लागली, हे पहिल्याच दिवशी टिपले तर दगडीचा, म्हणजे कासदाहाचा, उपचार लवकर सुरू होतो आणि प्रतिजैविकांचा वापर आटोक्यात राहतो. अतिवापराने औषधांना न जुमानणारे जंतू गोठ्यात वाढले, तर ते गोठ्यापुरते राहत नाहीत, माणसाच्या दवाखान्यातही पोहोचतात. पशुपालकाचे हे शब्द म्हणजे आरोग्यव्यवस्थेची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ पायरी आहे.

शब्दवेध : बोलीतले सगळेच शब्द निर्दोष नसतात. ‘म्हैस पान्हा चोरते’ असे आपण म्हणतो. ‘पान्हा’ संस्कृत ‘प्रस्नव’पासून आला, तो उत्तम शब्द आहे. पण ‘चोरते’? घाबरलेल्या जनावराच्या शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते, दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे काम अडते आणि दूध कासेत उतरत नाही. तिची भीती आपण तिच्या नावावर गुन्हा म्हणून लिहितो, आणि मग मार किंवा इंजेक्शन हा उपाय सुचतो. भयमुक्ती शिकवणाऱ्या पुस्तिकेत हा शब्द नसावा.

न्यायपत्र : या संदर्भात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचे बारावे कलम वाचावे. जनावराच्या योनिमार्गात हवा किंवा अन्य पदार्थ घालून दूध उतरवण्याच्या प्रथेला त्यात इंग्रजी मजकुरातही ‘फुका’ आणि ‘डूमदेव’ हेच देशी शब्द आहेत, आणि आरोग्याला अपायकारक इंजेक्शनेही त्याच कलमात येतात. प्रथेला लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव कायद्याने ठेवले, म्हणूनच त्याचा रोख कशावर आहे ते कळते.

दावण : माझेही तेच म्हणणे आहे. ‘पान्हा चोरते’ हा मथळा राहू द्यावा, कारण ज्याची म्हैस दूध देत नाही तो पुस्तिकेत हेच शब्द शोधणार. चोरीचे खरे कारण त्याखालच्या पहिल्या वाक्यात सांगावे.

शब्दवेध : मथळा लक्षात राहतो, खालचे वाक्य राहत नाही. मी ‘पान्हा अडतो’ असे लिहीन.

माळरान : ‘अडतो’वर विचार करते. पाचांच्या एकत्रित नावासाठी अजून कोणाला काही सुचत असेल तर अवश्य लिहावे. छपाईला अवकाश आहे.